आधी कोटाची पाठ

असं समजा, तुमच्यासमोर कापायच्या टेबलावर कापडाचा एक लांबच लांब तागा पसरलाय आणि दाराबाहेर गिऱ्हाइकांची रांग लागलीय. कुणाला रुमालाएवढा तुकडा हवा, कुणाला उशीच्या अभ्र्याएवढा. तुम्ही कापायचं आणि द्यायचं. गंमत अशी की हे कापड जादूचं आहे. काम झालं की गिऱ्हाईक तुकडा परत आणून देतं, तुम्ही तो त्याच्या मूळच्या जागी ठेवता, आणि शेजारचा तुकडाही परत आलेला असेल तर दोघे आपोआप सांधले जातात. शेजारचा अजून बाहेर असेल, तर हा बिचारा एकटाच पडून राहतो. पहिल्या दिवशी काम सोपं वाटतं. दहा-बारा दिवस न थांबता असं देत-घेत राहा आणि मग टेबलाकडे बघा. जवळजवळ निम्मा तागा घरी आलाय, पण सगळा भोकाभोकांचा. नेमका त्याच वेळी दारात एक जण येतो आणि म्हणतो, मला कोटाच्या पाठीएवढा तुकडा द्या, बिनजोडाचा. काय कराल?

प्रत्येक संगणकाच्या पोटात हा उद्योग अखंड चाललेला असतो. तो करणाऱ्या प्रोग्रामला कर्नल म्हणतात, आणि तागा म्हणजे संगणकाची मेमरी. बहुतेक गिऱ्हाइकांची कर्नल गोड बोलून समजूत काढतो. इकडचे तिकडचे चार तुकडे देतो आणि सोबत असा नकाशा देतो, की घेणाऱ्याला वाटावं, आपल्याला अखंड कापड मिळालं. पण काही यंत्रं त्या नकाशाकडे ढुंकूनही बघत नाहीत. कॅमेरा त्यातलाच. त्याला चित्र थेट मेमरीत ओतायचं असतं, म्हणून जागा खरोखरची सलग लागते. ती मागायला येतो त्याचा ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे त्या कॅमेऱ्याची भाषा जाणणारा छोटासा प्रोग्राम. कॅमेरा जोडला की तो कर्नलमध्ये येऊन बसतो आणि काढला की निघून जातो.

असे ड्रायव्हर लिहिण्यात जिची बारा वर्षं गेली होती, तिला कचेरीत सगळे कात्री म्हणत. वडील तयार कपड्यांच्या कारखान्यात कापणारे होते, हे एक कारण. दुसरं कारण तिची जीभ. दोन्ही कारणांबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

ती लहान असताना शाळा सुटली की थेट कारखान्यात जायची आणि कापायच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. वरून खडूची भुकटी पडायची, वहीची पानं पांढरी व्हायची. वडील वर उभे राहून मांडणी करायचे आणि स्वतःशीच बोलावं तसं तिला ऐकवायचे, "आधी पाठ. मग पुढचे दोन भाग. मग बाह्या. कॉलर, खिसे शेवटी. ज्यानं आधी खिसे कापले त्यानं कोट घालवला." बाहेर पडलेल्या चिंध्यांचं गाठोडं तिच्याहून उंच असायचं. एकदा तिने विचारलं होतं, "बाबा, एवढ्या कापडाचा कोट नाही का होणार?" ते म्हणाले होते, "वजन कर, दहा कोटांचं भरेल. आणि शिवायला बस, एकसुद्धा होणार नाही."

पुढे कॉलेजच्या खिडकीवर कारकुनाने तिचा अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "वडील काय करतात? मग हा विषय झेपेल का? एखादा सोपा घे." तिने अर्ज त्याच्या हातून घेतला, विषयाचं नाव पेनाने पुन्हा एकदा गिरवून ठळक केलं आणि परत सरकवला. "आता दिसतंय ना नीट?" घराण्यात पदवी मिळवणारी ती पहिली. पदवीच्या कागदाला वडिलांनी स्वतः काच कापून चौकट केली. ती जराशी तिरकी झाली, पण कुणी बोललं नाही.

तिची कंपनी छोटी होती. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे फोटो काढणारं यंत्र बनवायची. वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा तो पडदा दर आठवड्याला तपासावा लागतो. वेळेत बिघाड दिसला तर डोळा वाचतो, नाही दिसला तर जातो. यंत्राचा कॅमेरा हातात धरायचा, जाड मार्करएवढा, लांब वायरीचा.

एका मंगळवारी तिला अशाच एका बाळांच्या वॉर्डमधून मोठ्या सिस्टरांचा फोन आला. तिथला सगळा कारभार त्याच पाहत.

"तुमचं यंत्र 'जागा नाही' म्हणतंय," सिस्टर म्हणाल्या. "कसली जागा? आम्ही त्याला खिडकीजवळची चांगली जागा दिलीय."

"मग काय केलंत?"

"काय करणार? बंद करून चालू केलं. दर दहा-बारा दिवसांनी करतो. तुमचा माणूस येऊन तसा कागदच चिकटवून गेलाय यंत्रावर."

हा कागद कात्रीला माहीत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली. वॉर्डमध्ये उबेच्या काचेच्या पेट्यांमध्ये बाळं होती, मुठीएवढ्या डोक्यांची. यंत्राच्या कडेला चिकटपट्टीने लावलेला कागद होता: 'अडकल्यास बंद करून चालू करणे.' तिने यंत्र बंद करून चालू केलं आणि घड्याळ लावलं. दिवा तापणं, भिंग जुळवणं, सगळं धरून नऊ मिनिटं लागली.

"नऊच तर आहेत," तिच्या तोंडून निघून गेलं.

सिस्टरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, तपासणीआधी तासभर आम्ही बाळाला दूध देत नाही. उलटी होऊन श्वासात जायला नको म्हणून. डोळ्यांत थेंब घातलेले असतात, उजेड सोसत नाही. सव्वा किलोचं पोर असं उपाशी, पापण्या ताणून धरलेलं, नऊ मिनिटं रडलं की काय होतं ते पेटीवरच्या या मॉनिटरवर बघायला मिळतं. श्वास घसरतो. तुमच्या घड्याळातली नऊ आणि त्याची नऊ, यांत फरक आहे."

कात्रीने घड्याळ बंद केलं.

कचेरीत साहेबांना ती सगळं सांगायला गेली. साहेबांनाही टोपणनाव होतं, चालेलसाहेब. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठल्याही गोष्टीवर 'चालेल' म्हणून ती पुढे ढकलायची त्यांना सवय होती, आणि त्यामुळे कंपनी अजून चालली होती, असंही त्यांचं म्हणणं होतं.

"अगं, सोपं आहे," ते म्हणाले. "नवी आवृत्ती पंधरा दिवसांत द्यायचीच आहे. पुस्तिकेत एक ओळ घाल. 'दर सोमवारी यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे.' झालं."

"गर्दीच्या आठवड्यात ते सहाव्या दिवशीच अडकतं, सर. मी नोंदी पाहिल्या."

"मग सोमवारी आणि गुरुवारी. चालेल. जगात सगळे हेच करतात. माझ्या घरचा टीव्हीसुद्धा असाच बरा होतो."

"तुमच्या टीव्हीपुढे सव्वा किलोचं बाळ उपाशी नसतं, सर. ही ओळ असेल तर त्या फॉर्मवर मी सही करणार नाही."

नवी आवृत्ती बाहेर जाण्याआधी मंजुरीच्या फॉर्मवर सहा सह्या लागत. ड्रायव्हरच्या रकान्यात तिची. साहेबांनी पेनाचं टोपण उघडून लावलं, उघडून लावलं. "हे बघ, सहीवाचून काम अडत नाही. मी दुसऱ्या कुणाची घेईन. पण मग पुढच्या यंत्रावर तुला ठेवून मी करू काय? पंधरा दिवस आहेत. विचार कर."

"विचार झालाय. आता काम करते," ती म्हणाली आणि उठली.

अडचण अशी होती की आजारी यंत्र आजवर कुणी पाहिलंच नव्हतं. अडकलं की लोक ते बंद करत, आणि बंद केलं की मेमरी कोरी होई, सगळे पुरावे पुसले जात. दर वेळी डॉक्टर पोचायचा तो रोगी ठणठणीत झाल्यावर. म्हणून तिने सिस्टरांना विनवलं, "पुढच्या वेळी अडकलं तर बंद करू नका. मी येईपर्यंत कुणालाही हात लावू देऊ नका."

"आणि बाळाचं काय करू?"

"बाळ समोर असेल तर खुशाल बंद करा. नसेल तेव्हाच थांबा."

पुढच्या गुरुवारी दुपारी फोन आला. सिस्टरांचा आवाज दबका होता, चोरी केल्यासारखा. "आज दोनच बाळं होती, दोन्ही झाली. मग मी मुद्दामच कॅमेरा काढायचा, लावायचा, काढायचा, लावायचा केलं. अडकलंय. येतेस?" मॅडमची 'तू' कधी झाली ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

ती स्टुलावर बसली, यंत्राला आपला लॅपटॉप जोडला आणि पहिल्यांदाच त्या आजाराकडे समोरासमोर बघायला मिळालं. मोकळी मेमरी नऊशे एमबी. कॅमेऱ्याला हवी होती अवघी बत्तीस, पण सलग. आणि नऊशेमध्ये सर्वांत मोठा सलग तुकडा होता चारचा.

"म्हणजे जागा आहे पण नाही," सिस्टर खांद्यावरून वाकून म्हणाल्या.

"चिंध्यांचं गाठोडं आहे. दहा कोटांच्या वजनाचं."

मग तिने ड्रायव्हरच्या येण्या-जाण्याची नोंद उघडली आणि चक्रावली. आजची मुद्दामची खेप सोडली तरी आठ दिवसांत तो सत्तेचाळीस वेळा आला होता आणि सत्तेचाळीस वेळा गेला होता. तिचा हिशेब होता, सकाळी कॅमेरा जोडतील, संध्याकाळी काढतील. "तुम्ही दर बाळानंतर वायर काढता?"

"मग? कॅमेरा आणि वायर, दोन्ही जंतुनाशकाने पुसायचे. जोडलेलं ओलं करून चालतं होय? इथे सगळे असंच करतात. तुला ठाऊक नव्हतं?"

ठाऊक नव्हतं. दर वेळी वायर निघाली की ड्रायव्हर आपली बत्तीस एमबी कर्नलला परत करायचा. तेवढ्या मोकळ्या वेळात त्या अखंड तुकड्याला लहानसहान गिऱ्हाइकांनी कडेने, मधून कुरतडलेलं असायचं. मग पुढच्या बाळाला नवा तुकडा शोधा, तोही संपला की आणखी पुढचा. तिने ड्रायव्हरमधली ती जागा परत करणारी ओळ उघडली. ओळीच्या वर माणसांसाठी लिहिलेली एक टीप होती. 'काम संपताच घेतलेली सर्व जागा परत करावी. सभ्य ड्रायव्हर असाच वागतो.'

"कुणी लिहिलं हे?" सिस्टरांनी विचारलं.

"मीच."

सहा वर्षांपूर्वी. तेव्हाच्या यंत्रात मेमरी चिमूटभर होती आणि या सभ्यपणाबद्दल तिला सगळ्यांसमोर शाबासकी मिळाली होती. नंतर यंत्र मोठं झालं, वॉर्डमध्ये गेलं, पण ती ओळ कुणी तपासली नाही. तिने तर नाहीच. ती परत निघाली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. पण एक गोष्ट त्यातून पक्की झाली. चूक आपली निघाली, तर आता त्या सोमवारच्या ओळीवर सही करणं म्हणजे आपलं पाप बाळांच्या माथी मारणं. आधी ती हट्टाने नाही म्हणत होती, आता तिला 'हो' म्हणताच येणार नव्हतं.

साधा उपाय तिला माहीत होता. यंत्र सुरू होताना, अजून कुणी रांगेत नसतानाच, बत्तीस एमबीचा तुकडा कॅमेऱ्याच्या नावाने बाजूला काढायचा आणि कधीही परत करायचा नाही. शुक्रवारी तिने तसं केलं. कॅमेरा खूश झाला, पण मागच्या आठवड्याचा फोटो आजच्याशी ताडून बघणाऱ्या प्रोग्रामला ऐन गर्दीत सगळी मोकळी मेमरी लागते, तो त्या बत्तीसवाचून अडला. दुसरा उपायही कर्नलमध्ये होता, तिने काही नवा शोध लावला नाही. राखलेला तुकडा रिकाम्या वेळी इतरांना उसना द्यायचा, पण एका अटीवर. कॅमेरा आला की सगळ्यांनी बाडबिस्तरा उचलून दुसरीकडे जायचं. कर्नल त्यांचं सामान स्वतः हलवतो आणि त्यांचा नकाशा बदलतो, त्यांना पत्ताही लागत नाही. रात्रीपर्यंत तिने हाही लावला.

तपासायला बारा दिवस थांबायची सोय नव्हती. तिने एक खोडसाळ प्रोग्राम लिहिला. त्याचं एकच काम, वेड्यासारखी मेमरी मागायची, सोडायची, मागायची, सोडायची. बारा दिवसांची झीज तो अर्ध्या तासात करून दाखवायचा. शनिवारी त्याने यंत्राला चार वेळा म्हातारं केलं. तीन वेळा कॅमेरा सुरू झाला. चौथ्या वेळी तेच उत्तर, जागा नाही.

रविवारी सकाळी ती चहाचा कप घेऊन वडिलांच्या समोर बसली. ते आता कारखान्यात जात नव्हते, पण घरच्या टेबलावर वर्तमानपत्राचे कागद अंथरून शेजाऱ्यांचे नमुने कापत. नजर मंद झाली होती. हात मात्र तसाच चालत होता.

"तोंड का पाडलंयस?" त्यांनी विचारलं.

तिने सांगितलं. कर्नल वगैरे शब्द गाळून, ताग्याच्या भाषेत.

"मग आधी पाठ काप," ते लगेच म्हणाले.

"कापली बाबा. नुसती बाजूला ठेवली तर बाकीच्यांना टेबल पुरत नाही. म्हणून तिच्यावर दुसऱ्यांची कामं ठेवू देते. पाठ लागली की ती कामं उचलायची."

"मग बरोबर आहे. आम्हीपण ठेवायचो."

"चौथ्या वेळी उचलली जात नाहीत ना."

त्यांनी कात्री खाली ठेवली. "कुणीतरी टाचणी मारली असणार. नव्या पोरांना सवय असते. बाही नुसती ठेवायची, तर टाचून ठेवतात. मग पाठ ओढली की बाहीसकट येते, नाहीतर फाटते. आम्ही काय करायचो, टाचणीवाल्यांना वेगळं टेबल."

तिने कप तसाच ठेवला. तो चहा वडिलांनी नंतर प्यायला.

सोमवारी तिने शोधलं ते फक्त टाचणीवाले. मेमरीत काही गिऱ्हाइकं अशी असतात की घेतलेलं पान, म्हणजे मेमरीचा सर्वांत लहान तुकडा, ती जागेवर खिळवून ठेवतात, कर्नललाही हलवू देत नाहीत. चौथ्या वेळेचा गुन्हेगार सापडला, बाहेरून विकत घेतलेला, पडद्यावरचा स्पर्श ओळखणारा ड्रायव्हर. बत्तीस एमबीच्या त्या आठ हजारांवर पानांतलं एक पान, फक्त एक, त्याने घट्ट धरून ठेवलं होतं. त्याला तिने सुरुवातीलाच दुसऱ्या बाजूला जागा दिली. स्वतःची जुनी ओळ खोडली, आणि टीप मात्र तशीच ठेवून तिच्याखाली लिहिलं, 'हे मी लिहिलं होतं. चूक होती. कारण खाली वाचा.' मग खोडसाळ प्रोग्रामला तीन दिवस मोकाट सोडलं. त्याने यंत्राला शंभर वेळा म्हातारं केलं. कॅमेरा शंभर वेळा सुरू झाला.

फॉर्म साहेबांच्या टेबलावर होता. पाच सह्या झाल्या होत्या.

"झकास," चालेलसाहेब म्हणाले. "आता सही कर. ती सोमवारची ओळ पुस्तिकेत राहू दे, असली तर बिघडतं काय? चालेल."

"नाही चालणार, सर."

"अगं, आता तर यंत्र सुधारलंस ना?"

"म्हणूनच. ओळ राहिली तर लोक दर सोमवारी बंद करणार. मग पुढे काही बिघडलं, तर ते कुणाला दिसणारच नाही. सहा वर्षं माझी चूक या 'बंद करून चालू करा'च्या पदराखाली लपली होती. मला ती लपवायला आणखी जागा नकोय."

"आणि उद्या अडकलं तर?"

तिने पुस्तिकेचा कच्चा मसुदा ओढून घेतला, सोमवारची ओळ एका रेघेत कापली आणि तिच्या जागी लिहिलं: 'कॅमेरा सुरू न झाल्यास, समोर रुग्ण नसेल तर यंत्र बंद करू नये. खालील क्रमांकावर फोन करावा.' खाली तिचा स्वतःचा फोन नंबर.

साहेबांनी तो नंबर दोनदा वाचला. "जगभरचे लोक तुला फोन करतील."

"करू देत."

"सुट्टीच्या दिवशी?"

"बाळं सुट्टी बघून जन्मत नाहीत. ही ओळ ठेवा, मी सही करते. ती सोमवारची ठेवा, दुसऱ्या कुणाची घ्या आणि पुढच्या यंत्रावरून मला काढा. मधलं काही नाही."

बाहेर कुणीतरी झेरॉक्सच्या यंत्राचं झाकण आपटलं. साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं, आणि या वेळी लावलं नाही. पेन तिच्याकडे सरकवलं. "तुझ्या बाबांनी तुला कापडाऐवजी पोलाद कापायला शिकवलं का गं?"

"आधी पाठ कापायला शिकवलं," ती म्हणाली आणि सही केली.

नवी आवृत्ती बसवल्याला चाळीस दिवस झाले तेव्हा ती वॉर्डमध्ये गेली. यंत्र एकदाही बंद झालं नव्हतं. सिस्टरांनी कॅमेरा पुसला, जोडला, आणि पडद्यावर एका चिमुकल्या डोळ्याच्या लाल-केशरी शिरा उमटल्या. यंत्राच्या कडेचा तो कागद अजून होताच.

"काढला नाहीत?"

"शंभरावा दिवस बघते, मग काढते. रागावू नकोस. मी बऱ्याच जणांची गोड बोलणी ऐकलीत."

"रागावत नाही. मीसुद्धा शंभरावा दिवस बघणार आहे."

तोवर तिच्या फोनवर दोन फोन येऊन गेले होते. एकाची वायर तुटली होती. दुसऱ्याने यंत्र बंद केलं नव्हतं, आणि ती पोचली तेव्हा राखलेल्या तुकड्यात आणखी एक टाचणीवाला सापडला, पार वेगळाच, ज्याच्यावर तिने कधी संशय घेतला नसता. त्यालाही तिने वेगळ्या टेबलावर बसवलं. पण घरी परतताना तिला त्याचीच टोचणी लागली. आधी घोळ, मग शोध, मग वेगळं टेबल, हे किती दिवस चालायचं? मागायला येतात तेव्हा सगळी गिऱ्हाइकं सारखीच गरीब दिसतात. जागा देतानाच, रांगेत उभ्या असलेल्याच्या तोंडाकडे बघून कर्नलने कसं ओळखावं, की हा मागितल्यावर उठेल की टाचून बसेल?